गोळीचं नाव काय?

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आणि वस्त्यांमध्ये काम करते. तेव्हा कोणत्या रोगाला कोणतं औषध घ्या, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण औषधाची चिठ्ठी हातात घेऊन जी बाई माझ्या टेबलाशी येते, तिच्याशी बोलणं हे माझं काम आहे. त्या बोलण्यात एक औषध इतक्या वेळा येतं, की आज फक्त त्याच्याविषयी बोलायचं मी ठरवलं. ते म्हणजे स्टिरॉइड.

माझ्याकडे दोन तऱ्हेच्या बायका येतात. एक, जी महिनोन् महिने स्टिरॉइड घेते आहे आणि तिला ते ठाऊकच नाही. दुसरी, जिला या औषधाची खरोखर गरज आहे, पण कुणीतरी "अगं, ते स्टिरॉइड आहे" म्हटलं आणि तिनं गोळ्या फेकून दिल्या. दोघींचंही नुकसान होतं. दोघींच्याही बाबतीत कारण एकच असतं. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आधी हे आहे काय ते पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. पहाटे-सकाळी जास्त, रात्री कमी. शरीरावर ताण आला, ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झालं की त्या जास्त रस सोडतात. रक्तदाब, साखर आणि शरीरातली सूज यांचा तोल त्यावर असतो. स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे या रसाची माणसानं केलेली नक्कल. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्यांतली नेहमीची नावं. व्यायामशाळेत पोरं दंड फुगवायला जी इंजेक्शनं घेतात तीही स्टिरॉइडच, पण ती वेगळ्या जातीची. त्यांच्याविषयी आज बोलत नाही.

याचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगते, कारण त्यात आपला संबंध आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं की कावीळ झाली, की आमवाताच्या रुग्णांचे सांधे काही काळ दुखायचे थांबतात. आणि आमवाताच्या बायकांना दिवस गेले, की त्यांचंही दुखणं कमी होतं. बाळंतपणानंतर पुन्हा उसळतं. म्हणजे शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असलं पाहिजे. एडवर्ड केंडॉल या रसायनशास्त्रज्ञानं वेगळं काढलेलं कॉर्टिसोन १९४८ सालच्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिलं गेलं. ती २९ वर्षांची बाई होती. अंथरुणात कूस बदलणं जिला कठीण होतं, ती थोड्याच दिवसांत चालत बाजारात गेली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. खूण गरोदर बायकांच्या शरीरानं दाखवली होती. पारितोषिक तिघा पुरुषांना मिळालं. असो. पण पारितोषिक मिळेपर्यंतच दुसरी बाजूही दिसायला लागली होती. रुग्णांचे चेहरे सुजत होते, मनं बिघडत होती, आणि औषध थांबवलं की दुखणं पहिल्यासारखं परत येत होतं. हे औषध रोग मुळातून काढत नाही. ते शरीराचा भडका शमवतं. हे एवढं वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंचसं समजेल.

काही वेळा हा भडकाच जीव घेतो किंवा अवयव निकामी करतो. तिथे या औषधाला तोड नाही. दम्याचा जोरदार झटका. ल्युपस नावाचा आजार, ज्यात शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच मूत्रपिंडावर आणि सांध्यांवर उलटते. याच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात. अंगावर सूज येणारी, लघवीतून प्रथिनं जाणारी लहान मुलं. मेंदूच्या आवरणाचा क्षय. कुष्ठरोगात मधेच उठणारी रिअ‍ॅक्शन, जिच्यात नसा सुजतात आणि वेळेवर प्रेडनिसोलोन मिळालं नाही तर हात-पाय कायमचे लुळे पडतात. कुष्ठरोगाचं काम केलेल्या ज्या जुन्या कार्यकर्त्या इथे आहेत, त्यांना हे सांगायला नको.

दम्याच्या पंपाविषयी मात्र थांबून बोलते. "पंप लागला म्हणजे शेवट आला" असं सासरी म्हणतात, आणि लग्नाच्या मुलीचा पंप आई लपवून ठेवते. मग ती मुलगी पंपाऐवजी गोळी मागते, कारण गोळी कुणाला दिसत नाही. हिशेब उलटा आहे. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, बाकीच्या अंगाला फार थोडं लागतं. नंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. लाजेपायी सौम्य उपाय सोडून जबर उपाय घ्यायचा, असं हे चाललंय.

आता बाळंतपणाचं. आशाताई आणि नर्सबाई इथे आहेत, त्यांनी हे जरा कान देऊन ऐकावं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की अशा बाळंतपणाआधी आईला बीटामेथासोन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आपल्याकडे २०१४ साली केंद्र सरकारनं २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या बाईला डेक्सामेथासोनची पहिली मात्रा नर्सबाईनंही द्यावी, आणि मग पुढे पाठवावं, अशा सूचना काढल्या. सहा मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा. औषध अगदी स्वस्त.

मग सगळ्यांनाच सरसकट द्यावं का? तर नाही. सहा देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगावही होतं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. खेड्यापाड्यांतून, लहान दवाखान्यांतून या इंजेक्शनचा वापर वाढवला, तर एकूण बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट काहीसे वाढले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, जिथे सोनोग्राफीनं दिवस नक्की केले होते आणि बाळाची काळजी घ्यायची सोय होती, तिथे तेच औषध बाळांना वाचवतं हे सिद्ध झालं. माझ्या मते यातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट फार साधी आहे. नेमके किती दिवस झाले, हे माहीत असलं पाहिजे. शेवटच्या पाळीची तारीख. ती बाईलाही आठवत नाही, कार्डावर अंदाजे टाकलेली असते, आणि त्याच अंदाजावर एवढं मोठं औषध द्यायचं की नाही हे ठरतं. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब करून ठेवायची सवय आपल्या गटांनी लावली, तर तेही आरोग्याचंच काम आहे.

हे झालं उपयोगाचं. आता पुडीकडे येते.

तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीकशी पांढरी. नाव नाही, कागद नाही. "सकाळ-संध्याकाळ घ्या, चार दिवसांनी या." ती बारीक पांढरी बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असते. कधी "वाताची पुडी" किंवा "जडीबुटी" म्हणून दिलेल्या भुकटीतही तीच कुटून घातलेली असते.

ऊसतोडीला जाणारी, पन्नाशीची एक बाई आमच्याकडे आणली होती. गुडघे दुखायचे. गावात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या एका डॉक्टरनं पुड्या सुरू केल्या. तो खरा डॉक्टर होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांत दुखणं गेलं. भूक लागायला लागली, अंगात बळ आलं. चेहरा भरला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. मजुरी बुडत नव्हती, म्हणून घरचेही खूश. दीड वर्ष हे चाललं. मग हातावर जरा लागलं की काळे-निळे डाग, पोटावर जांभळे वण, हात-पाय काडीसारखे आणि मानेमागे मांसाचा उंचवटा. साखर वाढलेली होती, पण तपासली कुणी? एक दिवस कळशी उचलताना पाठीत कट्कन झालं. मणका दबला होता. हाडं आतून भुसभुशीत झाली होती. पाळी गेल्यावर बाईची हाडं आधीच झिजतात, त्यात ही भर.

एवढ्यावर थांबलं नाही. ती अंथरुणाला खिळली, त्या डॉक्टरकडे जाणं बंद झालं, पुड्या संपल्या. चार-पाच दिवसांत उलट्या, पोटात दुखणं, रक्तदाब खाली, बाई ग्लानीत. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. प्रत्यक्षात झालं होतं ते असं: बाहेरून रस मिळत राहिला, तेव्हा मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथींनी काम बंद केलं होतं. घरात रोज आयता डबा येतो म्हटल्यावर चूल कोण पेटवणार? डबा अचानक बंद झाला आणि चूल तर विझलेली. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या वर स्टिरॉइडची गोळी घेतली असेल, तर ती एकदम थांबवायची नसते. डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवायची असते. ही बाई वाचली, कारण ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा पाहून ओळखलं. नातेवाइकांना विचारलं तर कुणालाच औषधाचं नाव सांगता आलं नाही.

पुडीवाल्यावर मी चिडते, पण त्या बाईला "अडाणी" म्हणणाऱ्यांवर जास्त चिडते. रोजची मजुरी बुडाली की चूल पेटत नाही, सरकारी दवाखाना वीस किलोमीटरवर, तिथे हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा. तिनं जे निवडलं ते तिच्या परिस्थितीत शहाणपणाचंच होतं. तिला फक्त नाव सांगितलं गेलं नव्हतं.

दुसरी वस्तू म्हणजे मलम. इथल्या तरुण मुलींनी हे ऐकावं, आणि त्यांच्या आयांनीही. स्टिरॉइडचं मलम चेहऱ्याला लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी तयार होतं, मुरुमांची लाली बसते. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो. पाहुणे बघायला येणार असले की मैत्रीण सांगते, पार्लरवाली सांगते, मेडिकलवालाच सांगतो, "हे लावा, बघा कसा फरक पडतो." काही मलमांत तर स्टिरॉइडबरोबर रंग उतरवणारी आणखी दोन औषधं मिसळलेली असतात. ती वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मोजके आठवडे द्यायची. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं पावडरीसारखी लावतात.

पुढे त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. आतल्या लाल शिरा दिसतात. उन्हात गेलं, चुलीपाशी बसलं की आग होते. मुरूम येतात, ओठांवर-गालांवर लव वाढते. घाबरून मलम बंद केलं की दोन दिवसांत चेहरा लालभडक. पुन्हा लावलं की शांत. म्हणजे मुलगी अडकली. २०११ साली त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या अनेक केंद्रांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असं मलम लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं.

गजकर्णाचंही तसंच. पावसाळ्यात ओला परकर दिवसभर अंगावर, कमरेला नाडीची घट्ट गाठ, जांघेत खाज. बाई दाखवायला लाजते, मेडिकलमधून ट्यूब आणते. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी खिचडी. स्टिरॉइडनं खाज थांबते, पण त्वचेची लढायची ताकद गेल्यानं बुरशी आत पसरते. मग तीच ट्यूब नवऱ्याला, तीच लेकराला. दोन वर्षं गजकर्ण जात नाही अशी घरंच्या घरं मी पाहिली आहेत.

२०१८ साली सरकारनं अशा १४ औषधांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्याच वर्षी अनेक खिचडी औषधांवरही बंदी आली. कागदावर आली. तुम्ही आज कोणत्याही दुकानात जाऊन ट्यूब मागा आणि चिठ्ठी कुणी विचारतं का बघा. ओळखायची खूण सांगते: ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत शेवटी सोन, सोल किंवा लोन येणारं नाव शोधायचं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. खात्री नसली तर विचारायचं. इसबासारख्या आजारात डॉक्टर हेच मलम देतात आणि ते योग्यच असतं. किती, कुठे आणि किती दिवस हे त्यांनी सांगितलेलं असतं.

आपल्याकडे मुलीचा रंग उजळायला हे औषध वापरतात. शेजारच्या बांगलादेशात, दौलतदिया आणि फरीदपूरच्या कुंटणखान्यांत, कोवळ्या मुली भरलेल्या आणि वयानं मोठ्या दिसाव्यात म्हणून त्यांना याच जातीच्या गोळ्या खायला घालतात, असं २०१० च्या सुमाराला तिथल्या संस्थांनी जगापुढे आणलं. त्याच गोळ्या तिथे विकण्याआधी गुरं फुगवायला वापरतात. हे ऐकून मला किळस आली. मग वाटलं, पाहुण्यांसमोर बसवायच्या मुलीला ट्यूब आणून देणारे आपण तरी त्यापासून किती लांब आहोत?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. आमच्याकडे ल्युपसची एक मुलगी होती, बावीस वर्षांची. प्रेडनिसोलोन सुरू झालं, मूत्रपिंड सावरलं, चेहरा मात्र गोल झाला. लग्न ठरलं. फोटो चांगले यावेत म्हणून आणि सासरी कळू नये म्हणून आईनंच गोळ्या बंद केल्या. लग्नानंतर दोन महिन्यांत पायांवर सूज, लघवीत रक्त. सासरच्यांनी "आजारी मुलगी गळ्यात मारली" म्हणून माहेरी आणून सोडली. ती अजून माहेरीच आहे, आता डायलिसिसवर. या मुलीला आणि तिच्या आईला कुणीतरी बसवून दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. मात्रा कमी होत गेली की चेहऱ्याची सूज बरीच उतरते. आणि हा आजार असूनही, तो आटोक्यात असेल तर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मूल होऊ शकतं. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार अडवते, बाळापर्यंत थोडंच पोचतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणूनच प्रेडनिसोलोन चालत नाही, वार ओलांडून जाणारी बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन लागते. पण बाह्यरुग्ण विभागात दीडशे बायकांची रांग असते, डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतात, आणि चेहऱ्याविषयी विचारणं म्हणजे नटवेपणा, असं त्या मुलीलाच वाटत असतं.

कोविडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासानं दाखवलं, की ज्यांना ऑक्सिजन लागतोय अशा रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा नव्हता. २०२१ च्या लाटेत मोबाइलवर फिरलेली यादी पाहून लोकांनी घरी पहिल्या दिवसापासून गोळ्या घेतल्या. साखर चढली, आणि काळ्या बुरशीनं डोळे, जबडे गेले. सगळा दोष स्टिरॉइडचा नव्हता, मधुमेह होता, बाकीची कारणंही होती. पण नको तिथे दिलेल्या स्टिरॉइडचा त्यात वाटा होता.

तर कामाचं बोलू. डॉक्टरांसमोर विचारायचं, "या गोळीचं नाव काय? किती दिवस घ्यायची? थांबवायची कशी?" सुटी गोळी घ्यायची नाही, पाकिटासकट मागायची. आधी क्षय होऊन गेला असेल, मधुमेह असेल, पोटात अल्सर असेल तर आपणहून सांगायचं. बरेच महिने गोळी चालू असली तर साखर, रक्तदाब, डोळे तपासून घ्यायचे. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. गोळी सकाळी, काही खाऊन. कपाटात नाही तर पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवायची: मी अमुक गोळी, अमुक दिवसांपासून घेते. अपघात झाला, ऑपरेशन करायची वेळ आली, तर ती चिठ्ठी जीव वाचवते. आणि आज माझं ऐकून कुणीही घरी जाऊन चालू गोळी बंद करायची नाही. हे मी दोनदा सांगते. बंद करायची नाही.

गटांनी करायचं तेही आहे. मेडिकल दुकानात बिल मागायचं. चिठ्ठीशिवाय अशी मलमं सर्रास विकली जात असतील, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. औषधानं त्रास झाला तर त्याची नोंद करण्याची सरकारी व्यवस्था आहे. ती फक्त डॉक्टरांसाठी नाही, रुग्णालाही कळवता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथे चौकशी करा.

मागच्या आठवड्यात निरोप दिला होता, की घरातल्या सगळ्या गोळ्या, ट्यूब, पुड्या पिशवीत घालून आणा. कोपऱ्यात पिशव्या दिसताहेत. जेवणानंतर चार-चार जणींचे गट करू. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचता येणारी बसेल. डॉक्टर ताई तीन वाजता येणार आहेत. तोपर्यंत प्रत्येकीनं आपल्या पिशवीतल्या औषधांची नावं कागदावर उतरवून ठेवायची आणि ज्यांना नावच नाही ती वेगळी काढायची.